दुचाकीचं लायसन, एमएच १३: सेवा कशी आहे आणि कुठे अडतं

कागद नीट असतील तर सोलापुरात दुचाकीच्या लायसनसाठी विजापूर रोडवरच्या आरटीओत एकदाच जावं लागतं, ट्रायलच्या, म्हणजे गाडी चालवून दाखवायच्या, दिवशी. लर्निंग घरी बसून निघतं, पक्कं लायसन पोस्टाने येतं. एवढ्यावर थांबलं तर सेवेला पाचपैकी चार द्यायला हरकत नाही. पण लायसन देणारी ही व्यवस्था गाडी चालवायला शिकवत नाही आणि शिकलात का हेही फारसं तपासत नाही. ती बाजू धरली तर एक गुण कापावा लागतो. कागदाचा भाग म्हणून आधी उरकून घेऊ आणि मग जिथे खरी गडबड होते तिकडे येऊ.

लर्निंगसाठी परिवहन खात्याचं ‘सारथी’ पोर्टल. राज्य महाराष्ट्र निवडायचं, ‘लर्नर लायसन’ उघडायचं आणि आधारच्या रस्त्याने पुढे जायचं. घरबसल्या परीक्षेची ही सोय महाराष्ट्रात जून २०२१ पासून आहे. अट एकच, आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा, कारण ओटीपी तिथेच येतो. नंबर बंद पडला असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो बदलून घ्या. नाहीतर बिनआधारचा मार्ग धरावा लागतो, त्यात परीक्षेला वेळ घेऊन कार्यालयात जावं लागतं.

या टप्प्यावर लोक ज्यात फसतात ती गोष्ट साधी आहे. आधारवरचं नाव, जन्मतारीख, पत्ता जसंच्या तसं लायसनवर उतरतं, फॉर्म भरताना दुरुस्त करता येत नाही. मल्लिकार्जुनचं स्पेलिंग आधारवर एक आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरं, असा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. लायसन निघून जातं, अडतं ते पुढे पासपोर्टला किंवा नोकरीच्या पडताळणीला. तेव्हा आधी आधार सुधारा, मग अर्ज करा. पत्त्याचंही तसंच. जुळे सोलापुरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलाच्या आधारवर गावचा पत्ता असेल तर कार्ड गावालाच जाणार. गावी पोस्टमनकडून घेणारं कुणी आहे का, ते आधीच बघून ठेवावं. पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून सोलापुरात अर्जच करता येणार नाही, हा मात्र जुना समज. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

अर्जात मोबाइल नंबर स्वतःचाच टाका. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण नेट कॅफेत किंवा एजंटकडे अर्ज भरला की बऱ्याचदा तिथला नंबर पडतो. त्या दिवशी काम होऊन जातं. काही वर्षांनी पत्ता बदलायचा किंवा डुप्लिकेट काढायचं म्हटलं की ओटीपी भलत्याच माणसाच्या खिशात वाजतो.

वयाचं गणित: गिअरच्या गाडीला १८ पूर्ण. १६ व्या वर्षी, पालकांच्या संमतीने, फक्त ५० सीसीपर्यंतची गाडी चालते. बाजारात आज जी स्कूटर मिळते ती ११० किंवा १२५ सीसीची, म्हणजे अकरावीतल्या मुलाला ती चालवायला कायद्याने जागाच नाही. क्लासला पोचायला म्हणून गाडी हातात दिली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ लागतं. त्यात पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन नाही. एवढं वाचूनही कोचिंग क्लासच्या बाहेर स्कूटरच्या रांगा कमी होत नाहीत, तो भाग वेगळा.

वाहनाचा प्रकार निवडताना चूक झाली तर ती पुढे महागात पडते. यादीत ‘मोटर सायकल विदाउट गिअर’ आणि ‘मोटर सायकल विथ गिअर’ असे दोन पर्याय दिसतात. घरी अॅक्टिव्हा आहे म्हणून पहिल्यावर टिक करणारे पुष्कळ, दोन्हीवर टिक करून दुप्पट फी भरणारेही आहेत. फक्त ‘विथ गिअर’ घ्या. गिअरच्या गाडीवर ट्रायल पास झालेला माणूस बिनगिअरच्या गाडीसाठीही पास धरला जातो, हे कायद्याच्या कलम ९ मध्येच आहे. उलटं होत नाही. बिनगिअरचं लायसन घेऊन स्प्लेंडर चालवणं म्हणजे त्या गाडीपुरतं बिनलायसनचं चालवणं, आणि त्याला कायद्यात ५,००० रुपयांचा दंड आहे. चारचाकीचं लर्निंग याच अर्जात जोडता येतं. जोडायचं असेल तर आत्ताच जोडा, मात्र ट्रायल दोन होतील.

फीचा हिशेब केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ३२ प्रमाणे असा: लर्निंगला प्रत्येक प्रकारामागे १५०, लर्निंगच्या परीक्षेचे ५०, ट्रायलचे प्रत्येक प्रकारामागे ३००, लायसनचे २००. म्हणजे एकट्या दुचाकीला लर्निंगचे २०० आणि पक्क्याचे ५००. यावर सेवा, कार्ड, पोस्ट असे थोडे पैसे चढतात. ऑनलाइन पावती तुमच्या नावाने निघते. एजंटला जे जास्तीचं देता ते त्याच्या श्रमाचं, सरकारी फी नव्हे, हे डोक्यात ठेवून भाव करा. फॉर्म भरायला मदत हवी असेल तर एजंट घेण्यात काही गैर नाही. परीक्षेला तुमच्याऐवजी बसायची तयारी दाखवणाऱ्यापासून मात्र लांब राहा. बायोमेट्रिक आणि ओटीपी तुमचे, सापडलात तर तुम्ही.

परीक्षेआधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ बघावा लागतो, तो पुढे सरकवता येत नाही. मग १५ प्रश्न, ९ बरोबर आले की पास. भाषा मराठी निवडता येते, आणि मराठीच निवडा. प्रश्नांची मराठी थोडी सरकारी वळणाची आहे, तरी इंग्रजीपेक्षा लवकर कळते. गुण जातात ते ठराविक ठिकाणी. नो पार्किंगच्या चिन्हावर एक तिरकी रेघ असते, नो स्टॉपिंगवर फुलीसारख्या दोन. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हाताच्या इशाऱ्यांत डावीकडे वळतानाही उजवाच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. तोच हात तळवा खाली ठेवून वरखाली हलवला की ‘गाडी हळू करतोय’. नापास झालात तर ५० रुपये भरून पुन्हा. लॅपटॉपवर परीक्षा देणार असाल तर ब्राउझरला कॅमेऱ्याची परवानगी आधीच देऊन ठेवा. मोबाइलवर उघडलं तर पान मधेच अडकायची भीती जास्त.

चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांनी सही केलेला फॉर्म १अ जोडावा लागतो. त्याखालच्यांना स्वतःच्या तब्येतीचं घोषणापत्र, फॉर्म १, पुरतं.

लर्निंगची मुदत ६ महिने आणि पक्क्यासाठी अर्ज ३० दिवसांनंतर. मधले हे ३० दिवस शिकायला दिलेले आहेत. बहुतेक जण ते नुसते मोजतात. लर्निंगचा कागद हातात आला की गाडी घेऊन मोकाट सुटायचं आणि एकतिसाव्या दिवशी स्लॉट बघायचा, हाच रिवाज. या काळात कायदा काय मागतो ते त्याच नियमांतल्या नियम ३ मध्ये लिहिलं आहे. पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’, पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस, अक्षर १० सेंटीमीटर उंच, २ सेंटीमीटर जाड, तळाशी ९ सेंटीमीटर रुंद. नखाएवढा स्टिकर चिकटवून भागत नाही. मागे बसवायचं ते फक्त शिकवणाऱ्याला, आणि त्याच्याकडे त्या गाडीचं चालू लायसन हवं. मित्राला किंवा बहिणीला घेऊन फिरायची मुभा लर्निंगवर नाही. हा नियम पोलिसासाठी पाळायचा असं लोक समजतात. खरी गोम विम्यात आहे. विमा पॉलिसीत लर्निंगवाल्याला गाडी चालवायची परवानगी नियम ३ पाळण्याच्या अटीवरच असते. पाटी नाही, मागे लायसन नसलेला मित्र, आणि अपघात झाला, की क्लेमवर वाद उभा राहिलाच म्हणून समजा.

शिकायचं कुठे? मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये विचारलं तर ते बहुतेक चारचाकीच शिकवतात. दुचाकीचं नाव काढलं की ‘लायसन काढून देतो’ एवढंच. तेव्हा घरचा किंवा शेजारचा कुणी जाणता माणूस गाठावा. खाजगी दुचाकीच्या लायसनला ट्रेनिंग स्कूलचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ५, लागत नाही. लागतं म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. जागा म्हणाल तर सकाळी सहाच्या आसपास जुळे सोलापुरातले कॉलनीचे रस्ते, किंवा सुटीच्या दिवशी अक्कलकोट रोड एमआयडीसीतले आतले रस्ते. दोन्हीकडे चढउतार कमी, मात्र वळणांवर वाळू असते. गाडी आडवी होते ती वळणावर, आणि पुढचा ब्रेक दाबलेला असताना.

ट्रायलची गाडी आपली आपण न्यायची. आरसी, विमा आणि पीयूसी, तिन्ही मुदतीत हवेत. गाडी दुसऱ्याची चालते, कागद मात्र चालू पाहिजेत. आदल्या दिवशी विम्याची तारीख बघा. फेरा वाया जातो तो याच कागदामुळे. बरोबर लर्निंगची प्रत, स्लॉटची पावती, मूळ आधार आणि हेल्मेट. मित्राची गाडी नेणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात, पल्सरला पहिला खाली आणि बाकीचे वर. महिनाभर स्प्लेंडरवर हात बसवून ट्रायलला पल्सर नेली की पाय भलतीकडेच जातो. शिवाय स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास, पल्सर त्याहून बरीच जड. ट्रायलला हलकी, छोटी, सरळ हँडलची गाडी घ्या. तिथे रुबाब कुणी बघत नाही.

गाडीची तयारी आदल्या दिवशीच. क्लचच्या दांडीची मोकळी चाल टोकाशी १० ते २० मिलिमीटर असावी. त्याहून सैल असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर अडकतो आणि न्यूट्रल सापडत नाही. ताठ असेल तर क्लच घसरतो. आयडलिंग, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन चालतं तो वेग, फार खाली ठेवलं असेल तर हळू वळताना इंजिन बंद पडतं. मेकॅनिककडून किंचित वाढवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. टायरमध्ये हवा कमी असेल तर हँडल जड लागतं. एकट्यासाठी स्प्लेंडरला पुढे २५ आणि मागे २८ पीएसआयच्या आसपास. दुसरी गाडी असेल तर तिच्या मॅन्युअलमधला आकडा धरा, पंपावरच्या पोराच्या अंदाजावर सोडू नका.

ट्रायलमध्ये मुख्य म्हणजे आठ काढणे, आठच्या आकड्यासारख्या वळणावरून पाय न टेकता गाडी फिरवणे. आठ चुकतो तो घाईने. पहिल्या गिअरवर, क्लच जिथे ‘धरतो’ त्या बिंदूच्या आसपास अर्धा दाबून ठेवायचा, थ्रॉटल जवळजवळ स्थिर आणि मागचा ब्रेक पायाने अगदी हलका लावलेला. वेग क्लचने आणि मागच्या ब्रेकने सांभाळायचा, थ्रॉटल वरखाली करून नाही. पुढच्या ब्रेकला हातच लावायचा नाही. हँडल वळलेलं असताना तो दाबला की गाडी जागच्या जागी बसते आणि पाय टेकतो. नजर पुढच्या चाकावर ठेवली तर रेषा सुटणार. वळणाच्या आत, जिथे जायचं तिकडे, खांद्यावरून मान फिरवून बघायचं. गाडी आत झुकवायची, अंग सरळ. दोन गोल जिथे जुळतात तिथे लोक हँडल उशिरा फिरवतात आणि दुसरा गोल मोठा पडतो. मधला टप्पा यायच्या आधीच नजर दुसऱ्या गोलाकडे गेलेली असली पाहिजे. सरावाला मैदानात चुन्याने आठ आखून घ्या, पहिल्यांदा मोठा, मग छोटा. डावीकडून सुरुवात करून जमलं की उजवीकडून करा. डावं वळण बहुतेकांना लवकर जमतं, उजवं रडवतं.

आठाशिवाय निघताना आरसा, इशारा, मागे नजर, थांबताना दोन्ही ब्रेक, एवढं बघितलं जातं. साइड स्टँड वर केला का, हेही. घाबरून स्टँड खालीच ठेवून निघणारे असतात. नव्या गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद होतं, आणि मग उमेदवार किक मारत बसतो.

नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा, ट्रायलची फी पुन्हा. तिसऱ्यांदाही गेलात तर ६० दिवस थांबावं लागतं. लर्निंगचे ६ महिने संपत आले असतील तर हे ६० दिवस जड जातात, कारण लर्निंगची मुदत वाढत नाही, नव्याने काढावं लागतं. म्हणून पहिली ट्रायल दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच द्या, सहाव्यावर ढकलू नका.

पास झाल्यावर कार्ड स्पीड पोस्टाने येतं. तोवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन दाखवलं तरी चालतं, कायद्याने ते मूळ कागदाइतकंच धरलं जातं. गाडी अडवली की स्क्रीनशॉट नको, अॅप उघडून दाखवा. तिशीच्या आत काढलेलं लायसन चाळिशीपर्यंत चालतं, ३० ते ५० मध्ये काढलं तर १० वर्षं.

आणि इथे सेवा संपते. पण ट्रायलमध्ये जे बघितलं जातं ते मैदानातल्या दहा-वीस किलोमीटरच्या वेगाचं. रस्त्यावर लागणारं बाकी सगळं तिथे विचारलंच जात नाही, आणि पहिल्या दोन महिन्यांत नवा चालक त्याच गोष्टींत अडकतो.

पहिली गोष्ट चढावर थांबून निघणं. आसरा पुलाच्या चढावर गर्दीत गाडी थांबली की नवा माणूस दोन्ही पाय टेकतो, मागचा ब्रेक सुटतो, गाडी मागे सरकते आणि मागचा रिक्षावाला हॉर्नवर बसतो. डावा पाय खाली, उजवा पाय ब्रेकवर, क्लच धरेपर्यंत सोडायचा, इंजिनचा आवाज जड झाला की थ्रॉटल थोडा आणि मग ब्रेक. हे सकाळी, पूल रिकामा असताना, दहा वेळा करून बघा.

दुसरी ब्रेक. नव्यांना पुढच्या ब्रेकची भीती असते म्हणून ते फक्त मागचा दाबतात. गाडी थांबवण्याचा मोठा वाटा पुढच्या ब्रेकचा, कारण ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं. सरळ रस्त्यावर ३० च्या वेगात दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू वाढवत, असं रोज करा. १ एप्रिल २०१९ नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांत सीबीएस किंवा एबीएस असतंच. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्यावर विसंबून पुढच्याला हातच न लावण्याची सवय मात्र वाईट. एबीएस ब्रेक दाबल्यावर चाक अडकू देत नाही, १२५ सीसीच्या वर ते सक्तीचं. कोरड्या रस्त्यावर ते गाडी सावरतं, वाळूवर त्यालाही मर्यादा आहेत.

रस्त्यांचा क्रम असा धरावा: कॉलनी, मग होटगी रोड दुपारच्या शांत वेळी, मग सात रस्ता, आणि नवी पेठ किंवा विजापूर वेस सगळ्यात शेवटी. नवी पेठेत वेग नसतोच. कसोटी लागते ती क्लचवर पाच किलोमीटरच्या वेगाने, पायी चालणाऱ्यांच्या मधून, गाडी सरळ ठेवण्याची. सतत अर्धा क्लच धरला तर पंजा दुखतो आणि प्लेटाही लवकर जातात. थांबायचंच असेल तर न्यूट्रल करा. पुणे-हैदराबाद महामार्गावर पहिले दोन महिने जायचंच नाही. ट्रकच्या हवेचा झोत बाजूने लागला की हलकी गाडी सरकते आणि नवा माणूस घाबरून हँडल आवळतो.

ऑक्टोबर ते मार्च उसाचा हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नाही, उसाची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर. अंधारात हे मागून दिसत नाही, दिसलं तरी लांबीचा अंदाज येत नाही. अशा वेळी ओव्हरटेक करायचा नाही. मागे राहून समोरचा रस्ता दूरवर रिकामा दिसेपर्यंत थांबायचं. मळीचे थेंब आणि पडलेला ऊस रस्त्यावर असतो, त्यावरून जाताना ब्रेक लावू नका, गाडी सरळ ठेवा. पहिल्या पावसातही तसंच. धूळ आणि तेलाचा थर ओला झाला की झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्या निसरड्या होतात.

हेल्मेट आयएसआयचं, आयएस ४१५१ लिहिलेलं. रस्त्याच्या कडेला मिळणारी दीड-दोनशेची टोपी ती नव्हे. बकल लावून डोकं हलवलं तर हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये. एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर पारा असताना ते नकोसं होतं. आत सुती टोपी घाला, दर आठवड्याला धुवा, पण काढून हँडलला लटकवू नका. हेल्मेटच्या गुन्ह्यात दंडाबरोबर लायसन ३ महिने निलंबित करण्याची तरतूदही कायद्यात आहे, आणि नवं कार्ड मिळाल्याच्या पहिल्या वर्षात ती लागणं परवडणारं नाही. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं.

मागे माणूस घेऊन पहिल्यांदा निघाल तेव्हा मागच्या टायरची हवा वाढवा, स्प्लेंडरला ४० पीएसआयपर्यंत. गाडी थांबायला जास्त अंतर घेईल, गतिरोधकावर मागची बाजू बसेल आणि वळणावर मागचा माणूस उलटीकडे झुकला तर हँडल ओढलं जाईल. निघण्याआधी त्याला सांगा: पाय फूटरेस्टवर, वळणावर आपण झुकू तिकडेच, थांबताना पाय आपोआप खाली टाकायचे नाहीत.